टपालाचे खण

रक्त काढताना हेन्ना नर्स हवेबद्दल बोलते.
उणे एकोणीस. सरोवराचा बर्फ आता ट्रकसुद्धा पेलेल.
मी नळीकडे बघते.
नळीवर नाव नाही, नुसता आकडा: शून्य चार एक सात.
एकतीस वर्षं कुओपिओच्या टपालघरात पत्रं लावली मी,
पत्त्यावाचून एक पाकीट पुढे जाऊ दिलं नाही,
आणि आता माझंच रक्त
निनावी
दक्षिणेला निघालंय थंड पेटीतून.

दोन वर्षांचा अभ्यास आहे. आम्ही दोघी बहिणी त्यात,
कारण आई शेवटी शेवटी चमच्याला काय म्हणतात ते विसरली
आणि मावशी, दार कुठल्या अंगाला उघडतं ते.
म्हणून मंगळवारी वजनं उचलायची,
गुरुवारी काठ्या टेकत बर्फातून चालायचं,
ताटात मासा, राय, ब्लूबेरी. लोणी कमी.
लोणी कमी, असं सांगणारे डॉक्टर रेपो
पस्तिशीचे असतील.
त्यांच्या गालांवर अजून लोणी आहे.

मग दहा शब्द.
ऐकायचे, मधे आकडेमोड करायची,
वीस मिनिटांनी परत सांगायचे.
होडी. बटण. पूल. कांदा. राजा…
मी डोळे मिटून खणांपुढे उभी राहते.
होडी कोइवुनिएमीच्या धक्क्यावर,
बटण शिवणकाम करणाऱ्या लेम्पीकडे,
कांदा पेल्टोमांच्या शेतावर (त्यांचा कुत्रा चावतो),
राजाला कुठे टाकू?
आमच्या भागात राजा नाही.
राजा परत पाठवायच्या खणात.
दहाच्या दहा सांगितले.
हेन्नाने खूण केली, चेहरा कोरा ठेवला.
तिला तसंच शिकवलं असणार.

इर्मेलीने सहा सांगितले.
त्यातला एक यादीत नव्हता.
कंदील.
तिने तो हेन्नाच्याच आवाजात ऐकला होता,
शपथेवर सांगते म्हणाली.

वसंतात निकाल. रेपोंनी पडदा आमच्याकडे वळवला.
माझं पासपोर्टातलं वय एकाहत्तर.
रक्तातलं एकोणऐंशी.
इर्मेली अडुसष्ट,
रक्त तिचं एकसष्टचं.
"जनुकांवर वय बारीक टिंबं ठेवत जातं," रेपो म्हणाले,
"आम्ही ती टिंबं मोजतो."
"म्हणजे माझा मेंदू एकोणऐंशीचा?"
"तसं म्हणता येत नाही."
"मग हिचा एकसष्टचा?"
ते थोडे थांबले. "तसंही नाही.
आकडा हजार माणसांबद्दल काहीतरी बोलतो.
एकीला समोर बसवलं की गप्प होतो."
त्यांचं खरं असावं.
शिक्क्यांवरून पाकीट किती फिरलं ते कळायचं मला,
किती ठिकाणी अडलं, कुठे ओलं झालं.
आतला मजकूर कधीच नाही.
तरी मी घरी येऊन
हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून पाहिली.
सोडली. तिने परत बसायला वेळ लावला.

इर्मेली मात्र हरखून गेली.
एकसष्ट! दुकानात शिरून लाल पोहण्याचा पोशाख घेतला,
बर्फातल्या भोकात उतरणार म्हणाली, येत्या हिवाळ्यात,
पोरीसारखी.
मी हसले. किंमतीची चिठ्ठी दातांनी तोडून दिली.

परतताना गाडी तीच चालवत होती.
चर्चपुढच्या चौकात थांबलो. पन्नास वर्षं
आम्ही इथून डावीकडे वळतोय.
तिने दिवा लावला नाही. हात चाकावर, नजर समोर.
मागे कुणी नव्हतं.
मी डावीकडे म्हटलं नाही.
चार सेकंद. पाच.
माझ्या आत एकेक खण उघडत गेला,
प्रत्येकात तिची पत्रं, लग्नाचं, हेल्मीच्या जन्माचं,
भांडणानंतरचं, तिकिटाविना आलेलं, दंड मी भरला होता.
आठ.
"कंदील होता गं," ती म्हणाली, "गोठ्यात, खिळ्याला.
आई तो डाव्या हातात धरायची."
हो. होता.
मी विसरले होते.

मग ती उजवीकडे वळली.
तोही रस्ता घरीच जातो, जरा लांबून.
वाटेत लोणी घेतलं.