शेरा

पहिल्या दिवशी मला वाटलं, मुलं निजली आहेत.
सोळा पाळणे, माधवगंजातली मागची खोली,
जानेवारीचं धुकं खिडकीच्या जाळीला टेकलेलं,
किल्ला तर चार दिवस कुणी पाहिलाच नव्हता.
जवळ गेले.
सगळ्यांचे डोळे उघडे.

"हमारे बच्चे तंग नहीं करते," रामदेई म्हणाली, अभिमानाने.
पाहुणे येत, दात नसलेल्यांना केळी वाटत,
म्हणत, ग्वाल्हेरात इतकी गुणी लेकरं नाहीत.
मीही वहीत तेच लिहिलं: शांत.

बाटली घडी केलेल्या टॉवेलला टेकवलेली.
दूध संपलं की बाटली गप्प, मूलही गप्प.
रामदेई तोवर पुढच्या पाळण्याशी,
रोज वेगळ्या रांगेत, कुणाची माया लागू नये म्हणून.
प्रत्येकाच्या डोक्याला मागे
गादीला घासून घासून पडलेलं टक्कल,
रुपयाएवढं.

नावं वामनराव ठेवायचे, हिशेबनीस, मुळाक्षरांच्या ओळीनं.
त्या हिवाळ्यात ट आला होता, म्हणून टीकम.
ठ वर दोन दिवस अडले, मग ठाकूर लिहिलं.
ड चा डमरू. ण त्यांनी सोडून दिला.
टीकम, अकरा महिने, माणसाकडे पाहत नसे.
पंख्याकडे पाहत असे.
पंखा दिवाळीपासून बंद.

गजकवाले शेठ वडिलांच्या पुण्यतिथीला आले,
भिंतीवर ससे रंगवून देतो म्हणाले, खाली नाव.
म्हटलं, खुर्च्या द्या. चार. बुटक्या, हात असलेल्या.
"इतक्या लहानांना खुर्च्या?"
त्यांना नाही, बायकांना.
बसल्याशिवाय मांडी होत नाही.
शेठ बराच वेळ सशांवरच होते.

खुर्च्या आल्या. सहा महिने अर्ज करून दोघी जणी वाढल्या.
मग ठरवलं, जिची जी चार, ती तिचीच:
दूध, न्हाणं, औषध, तोच हात, तोच पदराचा वास.
रामदेई भांडली.
नऊ वर्षांपूर्वी तिची एक पोर दत्तक गेली होती, भिलाईला,
तेव्हा ती आठ दिवस नीट जेवली नव्हती.
"जी लग जाएगा, मॅडम. फिर?"
मी म्हटलं, तुझा तुटेल, तू सांधशील.
त्याचा मुळी लागलाच नाही तर?
हे उत्तर नव्हतं. तिलाही ते कळलं.
तरी तिनं टीकमला उचललं.

कितीतरी दिवस काही झालं नाही.
टीकम पंखाच पाहत राहिला,
फक्त आता मांडीवरून.

होळीच्या आगेमागे एका संध्याकाळी
रामदेई चपला घालत होती, कंपूचा टेंपो गाठायचा होता,
आणि मागून असा आवाज आला
की कमरजहाँ कणकेच्या हातानं धावत आली.
टीकम.
लालबुंद, कठड्याला दोन्ही मुठी आवळून,
दाराकडे बघत.

मग डमरू. मग ठाकूर, त्याचा तर घसाच मोठा.
आठवड्यात खोली ओळखू येईना.
शेजारचे निगम दोनदा तक्रार करून गेले.
तपासणीला साहेब आले, कानावर हात ठेवून फिरले,
तांबड्या शाईत शेरा मारून गेले:
बच्चे अत्यधिक रोते हैं, कारण स्पष्ट करें.

मी त्यातल्याच एका खुर्चीत वही घेऊन बसले.
मागची पानं चाळली. शांत, शांत, शांत,
माझंच अक्षर.
कारण आधी मराठीत लिहिलं, खोडलं,
मग साहेबांच्या भाषेत:
अब बुलाने पर कोई आता है.

अजून उत्तर नाही.
रामदेईचे मात्र रोज दोन टेंपो चुकतात.
तिसऱ्याला अंधारात जादा भाडं पडतं, ती ते माझ्याकडे मागते,
आणि हा खर्च कुठल्या खात्यात दाखवायचा,
हे वामनरावांना विचारायचं राहूनच जातं.