हिरवं दही

नाकातून नळी आत गेली, काळी, जाड शेवेइतकी,
आणि पडद्यावर ह्यांचा गळा उघडला,
ओला, गुलाबी,
एकेचाळीस वर्षांत मी न पाहिलेला.

हिरल दह्यात हिरवा रंग कालवते.
"काका, गळी जाओ."
हे गिळतात, आणि नेमक्या त्याच क्षणी
पडदा पांढरा होतो.
गिळणं कधीच दिसत नाही, ती म्हणते,
आधीचं दिसतं, आणि मागे काय उरलं ते.

मागे उरलं होतं
जिभेच्या मुळाशी, खळग्यात साचलेलं हिरवं,
आणि एक ओघळ स्वरतंतूंच्या पलीकडे,
श्वासाच्या वाटेवर.
ठसका नाही. साधं खाकरणंही नाही.
"खोकला येत नाही, हीच काळजी, काकी."

मला हसू आलं, भलत्या वेळी.
प्रतापनगरच्या रेल्वे हिशेबात छत्तीस वर्षं
खोटी बिलं ह्यांच्या टेबलावरून गेली;
भरल्या पंगतीत थोरले दीर माझ्या आईला बोलले;
हे मूग गिळून बसले.
ठसका तेव्हाही नव्हता.
आता मुगाचं पाणीसुद्धा बंद.

दांडिया बाजारात घरी आलो.
भुकटी घालून चहा मधासारखा केला.
हनुवटी छातीशी, एका घोटाला दोनदा गिळायचं,
मी मोजत बसले.

तिसऱ्या चमच्याला हे थांबले.
झटक्यानंतर जीभ अजून जड,
तरी एकेक अक्षर बाहेर ढकललं:
"हा चहा नाही. खळ आहे, खळ."

मी वाटी खाली ठेवली.
"परत म्हणा," म्हटलं.