वाचकांचा पत्रव्यवहार

संपादक, ‘तिसरा चंद्र’, यांस,
सप्रेम नमस्कार.
अंक एकशे एकोणनव्वदावा पोचला.
पोचवणारा मीच होतो,
म्हणून पोचही मीच देतो.

डुलुथच्या त्या चढावर बावीस वर्षं
तुमचं टपाल वाहिलं मी, ऑर्व्हिल लिंडक्विस्ट.
जानेवारीत बंदर गोठायचं,
लोखंडी मातीच्या बोटी धक्क्याला थिजून उभ्या,
आणि तुमच्या पेटीत ओसाका, बेलफास्ट, मेलबर्न,
शिवाय पेरूतला तो पाद्री
जो मंगळावरून तुमच्याशी भांडायचा.
(म्हणजे विषय मंगळ. पत्र लिमाहून.)
पोस्टकार्डं वाचायचो मी. कबूल.

तळघराची खिडकी रस्त्याला टेकलेली.
बर्फ उकरून वाट काढताना दिसायचा
सायक्लोस्टाइलचा ड्रम, आणि हँडल फिरवणारा
तुमचा एकटा उजवा हात.
दिवसभर धक्क्यावर वॅगनी वजन करायच्या,
रात्री शब्द.
स्टेन्सिलवर चुकलेलं अक्षर बुजवायचा तो गुलाबी द्रव
तुमच्या नखांवर वाळलेला असायचा.
वरच्या मजल्यावरून आई घंटी वाजवायची.
ड्रम थांबायचा.
मग पुन्हा.

एका शनिवारी मला आत बोलावलंत, कॉफीला.
जेवणाच्या टेबलावर बावीस गठ्ठे, हिरवा खरबरीत कागद,
आणि तुम्ही टेबलाभोवती फिरताय,
एकेक पान उचलत,
एका फेरीला एक अंक.
एकशे चाळीस फेऱ्या.
‘मी पण चालण्याचाच पगार घेतो,’ म्हणालो.
तुम्ही हसला नाहीत. मोजत होतात.

त्याच वर्षी छापलंत की शतक संपायच्या आत
टपाल अग्निबाणाने येईल,
पोस्टमन संग्रहालयात दिसेल.
पुढच्या अंकात, शेवटच्या पानावर, चौकटीत:
‘आमच्या पोस्टमनची माफी.
आम्ही घाई केली.’
ती चौकट कापून ठेवली मी. बायकोला दाखवली.
ती म्हणाली, हा माणूस कोण?
मला सांगता येईना.

शिकागोच्या मेळाव्याला तुम्ही एकदाच गेलात.
छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून
लोक धावत आले म्हणे, मिठ्या मारल्या,
आणि सहासहा पानी पत्रं लिहिणारा माणूस
लिफ्टजवळ उभा, हातात टोपी.
दुसऱ्या दिवशीच्या बसने परत.
नंतर पाच महिने तुम्ही त्या सगळ्यांना
तिथे बोलायचं राहिलेलं लिहीत बसलात.
त्या पाकिटांचं वजन मला अजून आठवतं.

आता कामाचं.
शेवटचा अंक टेबलावर तसाच होता,
पानं उचललेली नव्हती.
तुमची वहिनी गुड्रुन रद्दीवाल्याला फोन लावत होती.
मी कोट काढला.
फेऱ्या मोजल्या नाहीत, गुडघे बोलले.
स्टेपलर तुमचाच, जिभेने लावलेली तिकिटं माझ्या खर्चाची.
चाळीसेक पाकिटं परत आली:
पत्ता बदलला, पत्ता बदलला,
मृत.
लिमाहून मात्र उत्तर आलं. पाद्री मंगळाबद्दल
तुमचं म्हणणं मान्य करतो आहे.
उशीर झाला खरा, पण कळवतो.

तक्रार एकच: सातवं पान याही वेळी उलटं.
मला वाटलं माझी चूक. जुने अंक काढून पाहिले:
सगळ्यांतच.
मुद्दाम होतं का? बावीस वर्षांत
विचारायला हवं होतं.
दार तर उघडंच असायचं.

पहिल्या पानावर नियम छापलेला आहे,
जो पत्र लिहील त्याला पुढचा अंक फुकट.
तर हे पत्र.
माझा पत्ता तुमच्याकडे नसेल,
कधी दिलाच नव्हता.
खाली लिहितो आहे.

कळावे,
आर्ने हेगस्ट्रॉम