ढाळ

पहिला ओटा मी चिपबोर्डचा केला होता.
वरून पांढरा, गुळगुळीत,
दुकानात बघून भुलावं असा.
नोव्हेंबरात बसवला. फेब्रुवारीत त्याच्या कडा
चहात बुडवलेल्या टोस्टसारख्या फुगल्या
आणि मार्चमधल्या एका सकाळी
टोमॅटोच्या बावीस रोपांसकट
तो गुडघ्यात मोडून खाली बसला.

शेजारच्या वाफ्यातून डोरीनबाईंनी ते पाहिलं.
पोस्लथ्वेट त्यांचं आडनाव;
उच्चारताना माझी जीभ अजून चिखलात रुतते.
वय शहाऐंशी. बोलणं बेताचं.
"केंडलमध्ये पाऊस येत नाही," त्या म्हणाल्या,
"तो असतोच. आपणच मधे येतो."

त्यांनीच सांगितलं, शाळेची जुनी इमारत पाडतायत, जा.
चाळीस वर्षं तिथल्या प्रयोगशाळेत
त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या होत्या.
ढकलगाडीवर आडवी टाकून आणली मी
तिथल्या बाकाची फळी:
साडेसहा फूट लांब, दोन इंच जाड,
पोटाला वाळलेलं च्युइंगगम,
पाठीवर ॲसिडचे डाग
आणि करकटकाने खोल कोरलेला एक कीथ.

रंधा मारला, पहिली साल वळून पडली
आणि तो वास आला.
सागवान.
कुठल्या जंगलातलं कोण जाणे,
माझ्या कितीतरी आधी बोटीने इथे आलेलं.
आम्ही एकमेकांना ओळख दाखवली नाही.
कामाला लागलो.

लाकूड पाणी पितं ते तोंडाने नाही, पायांनी.
म्हणून चारी पायांचे तळवे
तेलात उभे ठेवले रात्रभर
आणि सकाळी प्रत्येकाखाली स्लेटचा एकेक तुकडा सरकवला.
मागच्या भिंतीपासून बोटभर अंतर, वाऱ्याला वाट.
स्क्रू न गंजणारे, महाग;
दर वेळी एक हातातून निसटला
की मी खडीवर रांगत त्याला शोधायची.
पुढच्या कडेखाली, जरा आत, पटाशीने एक खाच:
थेंब तिथवर चोरपावलांनी येतो, अडतो,
मग बेत बदलून खाली उडी टाकतो.

पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.
क्षणभर फार बरं वाटलं.
आणि आठवला इस्माइल गवंडी,
फलटणच्या घरात कडाप्पा बसवताना
तोंडातली विडी न काढता म्हणालेला:
"ताई, सपाट वट्यावर पानी मुक्कामाला ऱ्हातं.
ढाळ द्या. पाव्हण्यावानी निघून जाईल."
तेव्हा मी नऊ वर्षांची होते
आणि ताई म्हटल्यामुळे फुगले होते.

मागच्या पायांखाली स्लेटचा आणखी एकेक पापुद्रा.
बुडबुडा हलला, मागे सरकून बसला,
रुसल्यासारखा.
झारी उपडी केली.
पाणी तेल प्यायलेल्या लाकडावर मण्यांसारखं गोळा झालं,
मग एकमेकांना गाठत, ओढत
थेट माझ्या गमबुटांवर.

डोरीनबाई आल्या बघायला.
दोन्ही तळहात ओट्यावर ठेवले,
कीथवरून अंगठा फिरवला.
"हा मंद होता. पण वेळेवर यायचा."
हात उचलले. छान झालंय म्हणाल्या.
हात उचलताना खांदे कानांपर्यंत चढलेले
मी पाहिले.
उंची मी माझ्या कोपराच्या मापाने धरली होती.

दुसऱ्या दिवशी सगळं उपडं केलं.
चारी पाय चार-चार इंच कापले.
पुन्हा तळवे, पुन्हा तेल, पुन्हा ती रात्र.

आता सकाळी त्या लीकचं बी पेरतात,
एकेक, जणू मोजून दिलेलं असावं तसं.
दुपारी मी असते. कमरेत जरा वाकते.
मधे कधी पाऊस थांबला तर दार उघडं ठेवतो.

एकच अडचण राहिली:
पेन्सिल ठेवली की घरंगळते.
ढाळ पाण्यासाठी आहे
हे तिला कोण सांगणार?
सुतळीने खिळ्याला बांधून ठेवलीय.