माप

खाद्याच्या पोत्यावर कोंबडीचं चित्र आहे,
पांढरीफेक, शहरात वाढलेली.
माझ्या एकीचंही तोंड तिच्याशी जुळत नाही.

गफूरभाईनं पोतं काट्यावर टाकलं
आणि माझ्याकडं न बघताच भाव सांगितला.
दिवाळीत सोळाशे होता. आता दोन हजार चाळीस.
"मका वर गेला ताई, मी काय करू?"
मी वर बघितलं.
दुकानाचा पत्रा, त्याला टांगलेली दोरीची बंडलं.
मका कुठं दिसला नाही.

ब्लाऊजच्या मापांची वही आहे माझी.
पुढून गिऱ्हाइकं, मागून कोंबड्या.
पुढं: पार्वती मगदूम, छाती छत्तीस, बाही नऊ, अस्तर तिचंच.
मागं: सतरा तोंडं, रोज पावणेदोन किलो,
अंडी सहा, कधी सात,
पंधरा रुपयानं गेली तर.
दोन्हीकडनं लिहीत आले
आणि परवा मधल्या पानावर दोघींची गाठ पडली.

मग निम्मं खाद्य आणि निम्मी घनसाळची कणी.
गिरणीत खाली सांडलेला भरडा, झाडून.
मडक्यात शेण, भिजलं गोणपाट,
उपडं घालून ठेवलं बांधाला,
सकाळी उचललं की वाळवी वळवळती.
हे आईचं. फुकट.
मास्तरीण नावाची कोंबडी आहे,
ती मडकं उचलायच्या आधीच मान वाकडी करून उभी.

आणि ते आले.
राईतनं, मागच्या चढावरनं,
आधी एक लांडोर, भाडं ठरवायला आल्यासारखी,
मग तिची चार पोरं,
मग तो, सगळा पसारा मागं ओढत.
कोंबड्या बाजूला झाल्या.
माझा कोंबडासुद्धा, ज्यानं पोस्टमनची पिंडरी फोडली होती,
तो चुलीच्या लाकडांवर चढून दुसरीकडं बघत बसला.

"काय देखणं दिसतंय तुमचं परडं," पार्वती म्हणाली.
माप द्यायला आलेली, फोटोच काढत बसली.
देखणं दिसतंय खरं.
एक देखणा किती खातो ते मी डब्यानं मोजलं:
तीन कोंबड्यांएवढं, आणि अंडं नाही.

शेजारचा शिवगोंडा हळूच म्हणाला, फासकी लावू काय.
मी म्हणाले, तुरुंगात तुला कोण डबा आणणार?
तो हसला. मीपण हसले.
पण रात्री भाकरी थापताना
ते हसणं जरा घशात अडकलं,
कारण उत्तर देताना मी क्षणभर थांबले होते.

इचलकरंजीला फोन केला.
मागं माग धडधडत होते,
हे ओरडून म्हणाले, जाळी लाव.
जाळी लावली. पोरं खालनं घुसली.
जुन्या साड्या बांधल्या, लाल, जांभळ्या.
त्यानं त्यांच्यासमोर पिसारा फुलवला.

भादव्यात एक पीस पडलं मडक्यापाशी.
आता मशीनच्या दातऱ्यातला दोऱ्याचा भुगा
मी त्यानंच झटकते. ब्रशपेक्षा बरं.
मागल्या बाजूला लिहावं म्हटलं, जमा: पीस एक.
किंमतीचा रकाना मोकळा राहिला.

आता नवीन युक्ती काढलीय.
ते झाडावरनं उतरायच्या आत खायला घालायचं.
सहाला घातलं, ते सहाला आले.
साडेपाचला घातलं. कोंबड्या डोळे मिटून चोचा मारत होत्या,
मास्तरीण तर डब्यातच झोपली.
पाच दिवस माझे. सहाव्या दिवशी
अंधारात पत्र्यावर कुणीतरी जड उतरलं.

रात्री गजर पावणेपाचचा लावला.
उशाशी फोन, डोळे टक्क.
वर राईत एकदा तो ओरडला, एकदाच,
वेळ विचारल्यासारखा.
मी काही बोलले नाही.