मेणसळ

पहिला थर लाल. दुसरा कधी ओतायचा,
तर पहिल्यावर बोट टेकलं की ठसा उठेल
पण बोट चिकटणार नाही, तेव्हा.
घाई केलीत तर रंग एकमेकांत पळतात.
उशीर केलात तर थर थराला धरत नाही,
आणि चार लोकांत मेणबत्तीचं डोकं
अलगद निखळून हातात येतं.
(आलेलं आहे. रेमेडियाच्या सासूच्या.)

बत्तीस वर्षं काढली मी दादरला, दातांच्या लॅबमध्ये.
दाताला एक वर्ष, असं निरोपाच्या दिवशी कोणीतरी म्हणालंच.
कवळीच्या गुलाबी मेणावरून
स्पिरिटच्या दिव्याची ज्योत नुसती ओझरती न्यायची,
मग ओल्या नायलॉनच्या मोज्याने पुसायचं.
हिरडी अशी चमकायची की आता बोलेल.
तेव्हा गुळगुळीतपणा मला शिकवू नका.
साचा आधी कोमट करते, नाहीतर अंगावर
आडव्या लाटा उमटतात, खाडीच्या भिंतीवर ओहोटी उमटते तशा.
ओतल्यावर चमच्याने टिचक्या, बुडबुडे वर येईपर्यंत.
वातीभोवती खळगा पडतोच, निवताना मेण आक्रसतं;
सुईने भोकं पाडायची, राखलेलं मेण पुन्हा भरायचं.
मेण मस्जिद बंदरचं, लादीने आणलेलं.
साचा म्हणजे प्लंबर इरफानने कापून दिलेला पाइप.

रेमेडियाच्या मुलीचं लग्न, कुर्ल्याच्या चर्चमध्ये.
सहा मेणबत्त्या: लाल, मोतिया, हिरव्या थरांच्या.
काढल्या. मोज्याने पुसल्या. काच नुसती.
आणि रेघा तिरक्या.

फार नाही,
एका अंगाला तांदळाच्या दाण्याएवढ्या चढलेल्या.
हात कापला म्हणावं तर मेणाला हात कळत नाही,
ते आपलं आपण सपाट होतं.
दुसऱ्यांदा ओतल्या. पुन्हा तिरक्या.
तिसऱ्यांदा थरागणिक साचा फिरवला,
तर तिन्ही रंग तीन दिशांना तोंड करून बसले,
वाटणी झालेल्या भावांसारखे.

रात्री सव्वाबारा. ओट्याला टेकून उभी होते.
मेण सपाटच होतं.
ओटा नव्हता.

ताटलीत दूध ओतून पाहिलं. लसणाची पाकळी,
शेजारच्या ओजसची गोटी.
सगळं निघालं खाडीकडे.
तव्यात तेल एका कडेला जातं, मी गॅसला शिव्या देत होते.
न्हाणीघराचं दार आपोआप लागतं, आम्ही वाऱ्याला देत होतो.
चुनाभट्टीत वारा कुठला आलाय?

रविवारी सोसायटीची सभा.
गोठोस्करांनी ऑडिटचा रिपोर्ट वाचला,
प्लॅस्टिकच्या कव्हरातला, माझ्या मेणबत्त्यांहून गुळगुळीत.
'इमारत ठणठणीत आहे. किरकोळ गिलावा.'
मी पिशवीतून सहा काढून टेबलावर मांडल्या.
गवंड्याकडे पाणसळ असते, म्हटलं, ही माझी मेणसळ.
तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, छान झाल्यात हो, कशा दिल्या?
बाकी कोणी काही बोललं नाही.
गोठोस्करांनी चष्मा वर सारला,
वाकले,
आणि रेघ सरळ दिसेपर्यंत
हळूहळू मान डावीकडे कलती केली.
मग तशीच ठेवली थोडा वेळ.

पुढची सभा पंधरा तारखेला आहे.
तिच्या नोटिशीची चौपदरी घडी करून
मी साच्याखाली खाडीकडच्या बाजूला सरकवली.
पाचवी घडी घालावी लागली.
रेमेडियाच्या मेणबत्त्या सरळ झाल्या,
आरशात धराव्यात अशा, ती खूश,
सासूने मात्र डोकं हलवून बघितलंच.

जुन्यांतली एक मी ठेवलीय, वीज गेली की लावते.
ओट्यावर ती अगदी नीट दिसते.
फक्त वितळलेलं मेण
नेहमी त्याच कडेवरून आधी सांडतं,
लाल, मग मोतिया,
आणि मी त्या बाजूला बशी ठेवते.