बहात्तर तास

गच्चीच्या तोट्यांत बोळे कोंबले, उंबऱ्याला विटांचा बांध,
टँकर मागवला, आणि भर मे महिन्यात
वडाळ्याच्या चार मजली इमारतीवर
चार बोटं तळं उभं केलं.

"आमच्या नळाला पाऊण तास पाणी,
आणि तुम्ही वर म्हशी धुणार का?"
तिसऱ्या मजल्यावरच्या हट्टंगडीबाई जिन्यातूनच कडाडल्या.
बाईंचं चुकलं नव्हतं.
पण पाण्याला बोलावल्याशिवाय
त्याची वाट कळत नाही.

त्याआधी आठ दिवस मी हातोडी घेऊन हिंडलो.
स्लॅब ठोकला की बोलतो.
भरीव असला तर ठण्ण,
पोकळ असला तर नुसता खोकतो.
खोकला तिथं फोडलं.
आत सळई, पापुद्रे सुटून फुगलेली,
मिठागरांवरचा वारा चाटत आलेला तिला.
घासली, रंगवली, माल भरला.
वर विटांचे तुकडे, उताराला दोरी,
भिंत गच्चीला भेटते तिथं गोल वाटा –
काटकोनात पाणी विचार करत बसतं.

इतकं करून
पन्नासाव्या तासाला
चारशे दोनमध्ये थेंब पडला.

तिथं दामोदर नाबर राहतात.
गोदीत क्रेन चालवायचे, जन्मभर वरून खाली बघितलं.
आता सहा वर्षं पाठीवर,
खालून वर.
मी शिडी पंख्याखाली लावली तसे म्हणाले,
"तिथं काय शोधतोस?
पडतो पंख्यापाशी, पण निघतो जिन्याच्या अंगानं.
आधी तो कोपरा काळवंडतो.
दोन दिवसांनी इथं.
सळई धरून चालत येतो लेकाचा."

वर गेलो. जिन्याच्या टोपीशेजारी
कधीकाळच्या अँटेनाचा पाइप,
कुणीतरी बुडाशी कापलेला.
अंगठा जाईल एवढं भोक, वर रंगाचा थर.
तीन पिढ्यांचं ज्ञान माझ्या हातात,
आणि हातोडी तिथून दहादा गेलेली.

दुसरा टँकर आला.
हट्टंगडीबाई या खेपेला बोलल्या नाहीत,
ते जास्त लागलं.

शेवटची रात्र मी नाबरांच्या खाटेशेजारी
चटईवर काढली, छताकडे तोंड करून.
ते डागाच्या कडा सांगत होते:
हा फुगवटा कुठल्या साली आला,
ही शेपटी मुलीच्या लग्नानंतरची.
मध्येच झोपले. मी जागा होतो.
थेंब नाही. पहाटे पंखा बंद करून ऐकलं.
नाही.

रंगारी लगेच यायला तयार होता.
मी म्हटलं, काँक्रीट आतून वाळायला दिवाळी उजाडेल, थांबा.
"थांबू की," नाबर म्हणाले, जरा घाईनंच.

मग बोळे काढले.
पाइपातून तळं घळाघळा खाली गेलं.
मी कठड्यावरून वाकून पाहिलं:
हट्टंगडीबाईंनी पाइपाच्या तोंडाशी बादल्या लावल्या होत्या,
पाच, आणि एक पिंप.
पाणी सिमेंटनं पांढुरकं होतं.
त्यांनी वर बघितलं नाही.
भरलेली बादली सरकवली,
रिकामी पुढं केली.